दगड, खिळे आणि ब्लॉक

गेल्या श्रावणात मुलुंड पूर्वेच्या एका जुन्या सोसायटीत, तळणीचा वास मुरलेल्या तळमजल्यावरच्या खोलीत, मी एका ओळखीच्या मुलीशेजारी लॅपटॉपसमोर बसलो होतो. मायलेकी मिळून दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय करतात. गिऱ्हाईक बोरिवलीपासून न्यू जर्सीपर्यंत. परदेशी पार्सलांच्या ऑर्डरी लवकर घ्याव्या लागतात, म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना चित्रांसह सजवलेली ईमेल धाडायची होती आणि ती रचायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे यावर घरात चार दिवस खल चालला होता. “काका, तुम्ही आयुष्यभर छपाईत होतात, तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. पडद्यावर तीन कंपन्यांची पाने उघडी होती आणि तिन्हींच्या कडेला एकच शब्द होता : ब्लॉक. मजकुराचा ब्लॉक, चित्राचा ब्लॉक, बटणाचा ब्लॉक. उचलायचा आणि पानावर नेऊन ठेवायचा. आमच्या उमेदीच्या काळात ब्लॉक म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेले आणि लाकडी ठोकळ्यावर बारीक चुकांनी ठोकलेले चित्र. तो कागदात गुंडाळून, शबनममध्ये घालून लोकलने प्रेसमध्ये न्यायचा. तो शब्द जस्त सोडून काचेत कसा शिरला हे पाहायचे, तर आपल्याला बरेच मागे जावे लागते.

मराठी छपाईत आरंभापासून दोन घराणी आहेत, एक दगडाचे आणि एक खिळ्यांचे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८१६ पासून त्यांचा छापखाना चालू झाला. टॉमस ग्रॅहम याने पुढे तिथेच देवनागरीचे सुबक खिळे पाडले. त्या छापखान्याकडे पाहून पेटलेला गणपत कृष्णाजी मात्र प्रथम दगडाकडे वळला. शिळाछाप ही जर्मनीत आलॉईस झेनेफेल्डरने १७९६ मध्ये शोधलेली युक्ती : चरबट शाईने लिहिलेला मजकूर सपाट चुनखडी दगडावर उतरवायचा, दगड ओला करायचा, आणि मग छपाईची शाई फक्त लिहिलेल्या जागीच धरते. दगडाला अक्षर कळत नाही. त्याला मोराचे चित्र आणि ‘मो’ हे अक्षर सारखेच. त्यामुळे पोथी लिहिणाऱ्याचे वळण, त्याच्या वेलांट्या, त्याची जोडाक्षरे, सगळे जसेच्या तसे कागदावर येई. १८३१ साली गणपत कृष्णाजीने पंचांग छापले. शाईत प्राण्याची चरबी असणार या शंकेने सोवळी मंडळी बिचकत होती, म्हणून त्याने तुपाची शाई केली असे सांगतात. जाहिरातीच्या धंद्यात आज ज्याला ग्राहकाची नस ओळखणे म्हणतात, ते हेच.

पण दगडावरची चूक दुरुस्त करणे जिकिरीचे होते आणि काम संपले की अक्षरे पुसली जात. खिळ्यांचे तसे नाही. ते सुटे, बदलता येणारे, उद्याच्या कामाला पुन्हा तयार. अडचण एवढीच की इंग्रजीचे सव्वीस खिळे, तर देवनागरीचे शेकडो; काना-मात्रा, रफार, अर्धी अक्षरे यांचे वेगळे खण. मात्रा-वेलांट्यांचे तुकडे वर-खाली बसवणारी ‘डिग्री’ पद्धत मुंबईत रुळली, ती या गुंत्यातूनच. गणपत कृष्णाजीही अखेर खिळ्यांकडे वळला. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री घातली, १८६९ मध्ये निर्णयसागर उभा केला, आणि राणोजी रावजी आरू यांच्या हातून उतरलेल्या अक्षरांनी सबंध देशातल्या संस्कृत ग्रंथांना चेहरा दिला. दगड म्हणजे अक्षराचे चित्र, खिळा म्हणजे प्रत्यक्ष अक्षर. हा भेद वाचकाने कोपऱ्यात ठेवून द्यावा, दीडशे वर्षांनी तो आपल्याला पुन्हा गाठणार आहे.

दगडाने जाता जाता उपनगराला मात्र एक मान दिला. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि घाटकोपरात चालला. तेव्हाचे घाटकोपर मुंबईच्या हद्दीत नव्हते; बोरीबंदर-ठाणे लोहमार्गावरचे, खाडी आणि टेकड्या यांच्या मधले ते एक गाव. तिथे रंगागणिक वेगळा दगड घासून लक्ष्मी, सरस्वती आणि शकुंतला छापल्या जात. एका चित्राला जितके रंग, तितक्या वेळा कागद यंत्राखालून जाई, आणि दरवेळी कडेच्या खुणा जुळल्या नाहीत तर देवीचे ओठ गालावर येत. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि थोड्याच वर्षांत फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. या चित्रांखाली व्यापाऱ्यांनी आपापली नावे छापून घेतली, साबणवाल्यांनी दिनदर्शिका काढल्या आणि जाहिरात घराच्या भिंतीवर पूजेला लागली. तयार चित्र घ्यायचे, खाली आपले नाव टाकायचे. आज ज्याला टेम्प्लेट म्हणतात त्याची आजी घाटकोपरची, असे मी म्हणतो. कोणी हरकत घेतली तर ऐकून घेईन.

जाहिरात सजली तरी ती नेमक्या दारात जायला यादी लागते आणि टपाल लागते. व्हीपी, म्हणजे पार्सल हाती पडताना पैसे भरण्याची टपालाची सोय, १८७७ मध्ये आली, पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ मध्ये, आणि घरबसल्या वस्तू मागवण्याचा रिवाज गावोगाव पोहोचला. गिरगावात बी. दत्ताराम यांनी १९०५ मध्ये जाहिरात संस्था काढली. पण आपल्या विषयाचा खरा पूर्वज मुंबईत नाही, सांगलीकडच्या माळावर आहे. लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करांच्या कारखान्यातून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. हेतू साधा होता : कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि एजंटांपर्यंत नियमाने जावी. पण शंकरराव स्वतः चित्रकार होते. नुसत्या नांगराची किंमत कोण दर महिन्याला वाचणार, हे त्यांनी ओळखले आणि लेख, चित्रे, विनोद आत येऊ लागले. पुढे नावातली ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठी मध्यमवर्गाचे मासिक झाले. कंपनीच्या बातमीपत्राची इतकी मोठी बढती मला तरी दुसरीकडे आढळलेली नाही. ईमेल पाठवणाऱ्या आजच्या मंडळींनी या मासिकाचे पहिले अंक ग्रंथालयात जाऊन चाळावेत.

यादीची गोष्ट पुरी करायची तर आणखी एका मराठी माणसाचे नाव घ्यावे लागते. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला. टपाल वाटपाची सोय हा त्याचा हेतू. पण पत्त्यांच्या गठ्ठ्यातून बोरिवली पूर्वेचे ४०००६६ वेगळे आणि मुलुंड पश्चिमेचे ४०००८० वेगळे काढता येऊ लागले, आणि कोणाला काय पाठवायचे याचा हिशेब सोपा झाला.

एव्हाना उपनगरे मुंबईत आली होती, अंधेरी-घाटकोपर १९५० मध्ये, बोरिवली-मुलुंड १९५७ मध्ये. विक्रोळीच्या गोदरेजने १९५५ मध्ये संपूर्ण भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. त्यावर मेणकागदाचे स्टेन्सिल कापायचे, सायक्लोस्टाइल यंत्रावर चढवायचे आणि हँडल फिरवत पाचशे प्रती काढायच्या. शिकवणीवर्ग, पतपेढ्या आणि नाट्यसंस्था यांचा सगळा प्रचार या निळसर-काळ्या, किंचित फिसकटलेल्या अक्षरांत चाले. दुसरी वाट पहाटेची होती. चारच्या सुमारास स्टेशनाबाहेर पेपरचे गठ्ठे उतरत आणि पोरे मांडी ठोकून प्रत्येक पेपरात एक गुलाबी किंवा पिवळे पत्रक सरकवत. हजार पत्रकांचा दर ठरलेला असे. किती लोकांनी वाचले हे विचारायची पद्धत नव्हती.

मी या धंद्यात आलो तेव्हा खिळे निघून चालले होते. १९८५ मध्ये अमेरिकेत पेजमेकर आले, १९८९ मध्ये कोरलड्रॉ, आणि नव्वदीच्या दशकात अंधेरी स्टेशनच्या दोन्ही बाजूंना ‘डीटीपी’च्या पाट्या लागल्या. ट्रेडल यंत्रे भंगारात गेली. खिळे जुळवणारे जुळारी संगणकावर बसले किंवा घरी बसले. मराठीसाठी श्रीलिपी, आकृती, आयएसएम असे संच होते आणि प्रत्येकाने देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत आपापल्या मर्जीने बसवले होते. बटरपेपरवर प्रिंट निघेपर्यंत कोणाचे काही बिघडत नव्हते. कागदावर जे उमटले तेच वाचक पाहणार, ही छपाईची शेकडो वर्षांची हमी शाबूत होती. ती मोडली ईमेलने.

आणि ईमेल, गंमत अशी की, आपल्याकडे उपनगरातूनच आत आली. जुहूच्या गुलमोहर मार्गावर टीआयएफआरमधून १९८५ मध्ये वेगळी झालेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी ही संस्था होती. डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक. एर्नेट या शैक्षणिक जाळ्यात ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जुहू आणि पवईची आयआयटी फोनच्या तारेने जोडल्या गेल्या आणि जुहूतून परदेशी ईमेल जाऊ-येऊ लागली. भारताच्या ‘डॉट इन’ नावांची वहीसुद्धा बरीच वर्षे इथेच होती. तोवर जगात पहिली जाहिरात-ईमेल जाऊन दहा वर्षे होत आली होती. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थ्युर्कने नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण आर्पानेट या तेव्हाच्या संगणक-जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना पाठवले. पत्ते एकेक करून टाइप केले होते, आणि ते रकान्यात मावेनात म्हणून उरलेले सगळे पत्ते थेट पत्राच्या मजकुरात सांडले. लोक भडकले ते जाहिरातीवर. माझे लक्ष जाते ते मांडणीवर. या जमातीचे पहिले अपत्यच फाटक्या अंगरख्यात जन्मले.

चित्रे आणि परभाषा ईमेलमध्ये आणण्याचा रस्ता १९९२ च्या ‘माइम’ नियमांनी मोकळा केला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले, पण परवडणारे शेल खाते फक्त मजकूर दाखवी. चित्र पाहायचे तर अधिक महागडे खाते घ्यावे लागे. पुढल्या वर्षी हॉटमेल आले, फुकट, प्रत्येक पत्राच्या तळाशी स्वतःची जाहिरात चिकटवत. त्याच वर्षी मुंबईत रेडिफ उभे राहिले. ते काढणारे अजित बालकृष्णन मुळात रेडिफ्युजन या जाहिरात संस्थेचे संस्थापकांपैकी एक, हा योगायोग नव्हे.

त्या सुमारास एका मराठी मंडळाचे बातमीपत्र ईमेलने पाठवायचे काम माझ्याकडे आले. मी नेहमीच्या फाँटात ते सुरेख लावले आणि धाडले. माझ्या पडद्यावर ‘सप्रेम नमस्कार’ होते. टोरांटोच्या पडद्यावर डोक्यावर टोप्या, शेपट्या आणि दोन-दोन ठिपके असलेल्या रोमन अक्षरांची रांग उमटली, कारण त्या घरी माझा फाँट नव्हता. तिकडच्या एका काकूंनी इंग्रजीत उलट विचारले की हे पोलिश आहे का. पुढच्या महिन्यापासून मी सगळे पान फोटोशॉपमध्ये एकच चित्र म्हणून करायला लागलो. अक्षर जुळवणे सोडले आणि अक्षराचे चित्र पाठवले. गणपत कृष्णाजीने सुरुवातीला केले तेच, फक्त तूप नव्हते. आजही व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून बिल्डरांच्या ईमेलपर्यंत अर्धी मराठी जाहिरात याच दगडावर छापली जाते.

दगडातून सुटका केली प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडने आणि, आपल्यापुरते बोलायचे तर, र. कृ. जोशींसारख्या माणसांनी. कोल्हापुरात १९३६ मध्ये जन्मलेले जोशी उल्का जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते; पुढे पवईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवू लागले आणि नंतर जुहूच्या त्याच एनसीएसटीत अक्षरांवर काम करू लागले. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ त्यांच्या हातचा. त्याला रुक्ष म्हणून नावे ठेवणाऱ्यांत मीही होतो. पण ‘मंगल’मुळे पहिल्यांदाच टोरांटोच्या काकूंच्या पडद्यावर ‘नमस्कार’ म्हणून उमटण्याची शक्यता आली. खिळा पुन्हा खिळा झाला. आता तर एक टाइप या मुंबईच्या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे फाँट फुकट मिळतात.

सजवलेली ईमेल हजारोंना पाठवण्याची तयार दुकाने याच काळात थाटली गेली. अटलांटातल्या दोघांनी भेटकार्डांच्या एका फसलेल्या उद्योगातला उरलेला कोड वापरून २००१ मध्ये मेलचिंप काढले. २००९ मध्ये ते छोट्या धंद्यांसाठी फुकट झाले आणि २०२१ मध्ये सुमारे १२ अब्ज डॉलरला विकले गेले. आपल्याकडे आयआयटी पवईचे राजेश जैन यांनी १९९५ मध्ये इंडियावर्ल्ड हे संकेतस्थळ उभारले, १९९९ मध्ये ४९९ कोटी रुपयांना विकले. त्यांची नेटकोअर ही मुंबईची कंपनी मोठ्या व्यापाऱ्यांच्या ईमेल पोहोचवण्याच्या धंद्यात नाव कमावून आहे. पण या कथेतला मोठा घाट लागला तो २००७ मध्ये, आणि तो विक्रीच्या नव्हे, मांडणीच्या रस्त्यावर. मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या नव्या आवृत्तीत ईमेल दाखवण्याचे काम ब्राउझरच्या यंत्रणेकडून काढून वर्डच्या यंत्रणेकडे दिले. पत्रे लिहिण्यासाठी बनवलेले वर्ड आता जाहिराती दाखवू लागले. पार्श्वचित्रे गायब झाली, रकाने ढासळले. संकेतस्थळे रचणारे पुढे निघून गेले, आणि ईमेल रचणाऱ्यांना मात्र तक्त्याच्या आत तक्ता, त्याच्या आत आणखी तक्ता अशी नव्वदीतली चळत पुन्हा लावत बसावे लागले. फर्म्यात खिळे आणि शिसपट्ट्या आवळून बसवणाऱ्या जुळाऱ्याला हे काम लगेच उमगले असते.

हे तक्ते हाताने लिहिणे म्हणजे वैताग. त्यातून २०१४ मध्ये इटलीच्या मेलअप कंपनीचा ‘बी’सारखा संपादक निघाला, ज्यात ब्लॉक ओढून ठेवला की मागचे तक्ते आपोआप विणले जातात, आणि फ्रान्सच्या मेलजेटने कोड लिहिणाऱ्यांसाठी एमजेएमएल ही सोपी भाषा काढली. पुढे ईमेलच्या टपालखात्याचे नियम आले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे टाकणाऱ्यांना पाठवणाऱ्याच्या ओळखीची सही आणि एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय सक्तीची केली. तेव्हा सॉफ्टवेअर निवडणे म्हणजे आता नुसता कुंचला निवडणे नाही; जुळारी, ब्लॉकवाला, पत्ते लिहिणारा कारकून आणि पोस्टमन हे चौघे एकाच पगारावर ठेवणे आहे.

मुलुंडच्या त्या खोलीत आम्ही तिन्ही दुकाने याच चौघांच्या हिशेबाने तपासली. पहिल्याचे नमुने डोळ्यांत भरणारे होते, पण सगळा मजकूर चित्रात. दगड. ते बाजूला ठेवले. दुसऱ्यात सुटा मजकूर होता. मुलीने ‘दिवाळी फराळ’ टाइप केले आणि शिरोरेषेचे तुकडे तुकडे झाले, कारण नमुना बनवणाऱ्याने इंग्रजी शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांमध्ये अंतर सोडले होते आणि ते शून्य करायची जागा फुकटच्या योजनेत बंद होती. तिसरे दिसायला साधे, वर्गणी मधली. पण अंतर बदलता येत होते, आणि केलेले पान कोडसकट उतरवून घेता येत होते. उद्या दुकान बदलले तरी आपले खिळे आपल्याकडे राहतील. मी एवढेच सांगितले की वर्णने आटोपशीर लिही. १०२ किलोबाइटच्या पुढची ईमेल जीमेल कापते, आणि इंग्रजीचे अक्षर एका बाइटात बसते तिथे देवनागरीचा प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा तीन बाइट खाते. “म्हणजे आपण मुळातच महाग,” ती हसून म्हणाली.

मग चाचणीची प्रत काढली. आमच्या भाषेत प्रूफ. एक आईच्या फोनवर, एक अंधेरीला सीप्झमध्ये नोकरी करणाऱ्या मामाकडे, त्याच्या कचेरीतल्या आउटलुकवर. आईच्या फोनवर सगळे ठीक होते. दहा मिनिटांनी मामाने पडद्याचा फोटो पाठवला. चकलीच्या जागी रिकामी चौकट, कारण तिथे चित्रे अडवलेली, पण खालचा मजकूर आणि ऑर्डरचे बटण जागच्या जागी. मुलगी खूश झाली. आईने पिठाचा हात पदराला पुसून फोन जवळ घेतला आणि विचारले, “शंकरपाळ्यांवरचा अनुस्वार कुठे गेला गं?” खरेच गेला होता. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाची असल्याने आउटलुकने ओळीचा माथाच छाटला होता. मुलीने १.२ चे १.६ केले आणि दुसरे प्रूफ पाठवले. या वेळी अनुस्वार आला, वेलांट्या आल्या. आईने चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वरपासून वाचले आणि म्हणाली, अनारशाचा भाव गेल्या वर्षीचाच राहिलाय.